जकातीची रेषा आणि पीटचा धूर

एडिनबराच्या रॉयल माइलवर व्हिस्कीची दुकानं काही कमी नाहीत, आणि बहुतेकांच्या भिंतीवर स्कॉटलंडचा एक नकाशा हमखास असतो. पाच रंगांतले पाच प्रदेश आणि प्रत्येकापुढे दोन-तीन विशेषणं. लोलँड म्हणजे हलकी, गवताळ. स्पेसाइड म्हणजे फळं आणि मध. आयला म्हणजे धूर, समुद्र, औषध. कॅम्पबेलटाऊन म्हणजे खारट, तेलकट. हायलँडपुढे काय लिहायचं हे मात्र आजवर कुणालाच नीट जमलेलं नाही, कारण तो रंग अर्ध्याहून अधिक देशावर पसरलेला आहे.

नोकरीनिमित्त ॲबर्डीनला राहत असताना मी या नकाशावर पोसला गेलो. ॲबर्डीनमध्ये तेलकंपन्यांत काम करणारी मराठी माणसं बरीच. शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, कुणीतरी नवी बाटली आणलेली असायची, आणि ती उघडण्याआधीच ती कशी लागणार यावर चर्चा संपलेली असायची. "स्पेसाइड आहे, गोड असणार." पहिली बाटली विकत घेताना हा नकाशा फार उपयोगी पडतो, हे मान्य. पुढे मात्र तो दिशाभूल करायला लागतो. माझं मत असं झालंय की चव शोधायला तो वापरूच नये. कर कुणी लावला, इंधन कुठून आलं आणि माल कुठल्या रस्त्याने बाहेर गेला, हे त्यावर शोधावं. तसा वाचला तर तो नकाशा भलताच बोलका आहे.

हायलँड आणि लोलँड यांच्यामधली रेषाच घ्या. पश्चिमेला क्लाइडच्या मुखापासून पूर्वेला टे नदीच्या मुखापर्यंत, म्हणजे साधारण ग्रीनॉकपासून डंडीपर्यंत ती तिरकी जाते. ही रेषा कुणा चवीच्या दर्दी माणसाने आखलेली नाही. ती 1784 साली लंडनच्या संसदेने कर वसुलीसाठी आखली. रेषेच्या वर भट्ट्या छोट्या, माणसं गरीब आणि चोरून दारू गाळण्यात तरबेज, म्हणून तिथे भट्टीच्या आकारमानावर कमी दराने कर. रेषेच्या खाली मोठे कारखानदार, त्यांचा हिशेब वेगळा. हायलँडचा माल रेषेखाली आणून विकायला लवकरच बंदीही आली. थोड्याच काळात लोलँडचा करही भट्टीच्या आकारमानावर गेला, आणि तिथल्या कारखानदारांनी त्यावर अस्सल धंदेवाईक तोड काढली: भट्ट्या उथळ आणि पसरट केल्या, म्हणजे आकारमान तेवढंच पण आतला माल काही मिनिटांत उकळून मोकळा. दिवसभरात वाट्टेल तितक्या फेऱ्या. त्यातून निघणारी दारू इतकी जहाल असायची की बरीचशी इंग्लंडला जाऊन तिची जिन बनायची. वरच्या डोंगरांत मात्र छोट्या भट्टीत हळूहळू गाळलेली दारू चांगली उतरायची, आणि रेषा ओलांडून रात्री खाली यायची. हायलँड व्हिस्की उत्तम आणि लोलँड सामान्य हा समज तिथून पडला. आज 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांतही तीच रेषा आहे. त्यावरचा कर जाऊन दोनशे वर्षं झाली तरी.

ग्लासगोच्या उत्तरेला ग्लेनगॉइन नावाची डिस्टिलरी आहे, तिथे ही रेषा चक्क पायाखाली येते. भट्ट्या रस्त्याच्या एका बाजूला, म्हणजे हायलँडमध्ये. पिंपं ठेवायची गोदामं समोरच्या बाजूला, लोलँडमध्ये. व्हिस्की गाळली जाते हायलँडात, मुरते लोलँडात, आणि बाटलीवर नाव हायलँडचं.

तिथे मी मामांना घेऊन गेलो होतो. मामांची ओळख करून द्यायला हवी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत त्यांनी केमिस्ट म्हणून नोकरी केली. मळीपासून स्पिरिट हे त्यांचं आयुष्य. निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले आणि किल्ले, तळी, राणीचा राजवाडा वगैरे गोष्टींत त्यांना काडीचा रस नव्हता. "डिस्टिलरी दाखव," म्हणाले. भट्टीघरात शिरल्यावर बाकीचे पर्यटक तांब्याच्या चकचकीत भट्ट्यांचे फोटो काढत होते. मामा गेले ते थेट स्पिरिट सेफपाशी. पितळी चौकट, जाड काच, आत गाळून येणारी धार, आणि पुढे भलंमोठं कुलूप. गाळणाऱ्याने बाहेरूनच दांडे फिरवून धार इकडची तिकडे वळवायची, पण थेंबाला हात लावायचा नाही.

"एक्साइजचं कुलूप," मामा एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखे म्हणाले. "आमच्याकडे इन्स्पेक्टर कारखान्यातच बसायचा. त्याच्या किल्लीशिवाय व्हॉल्व्ह हलत नव्हता."

इथेही अगदी तसंच होतं. 1980 च्या दशकापर्यंत सरकारी अधिकारी डिस्टिलरीतच राहायचा, गोदामाला दोन कुलपं असायची, एक मालकाचं आणि एक राणीचं. स्कॉटलंडचं गूढ, धुकं, हरणं वगैरे जाहिरातीत जे काही दिसतं त्याच्यामागे हा माणूस आहे, हातात वही घेतलेला. मामांना तो बरोबर दिसला.

आता स्पेसाइड. नकाशावर हा तुकडा छोटा, हायलँडच्याच पोटातला, पण स्कॉटलंडच्या सुमारे दीडशे डिस्टिलऱ्यांपैकी पन्नासच्या आसपास इथे आहेत. ॲबर्डीनहून गाडीने तासा-दीड तासात डफटाऊन. रोम सात टेकड्यांवर उभं आहे आणि डफटाऊन सात भट्ट्यांवर, अशी तिथली म्हण. इथे एवढी गर्दी का झाली? सातूचा प्रदेश जवळ, पाणी मुबलक, दऱ्या आडबाजूच्या म्हणजे चोरून गाळायला सोयीच्या. 1823 मध्ये कायदा बदलला, कर कमी झाला, आणि 1824 मध्ये ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथने रीतसर परवाना काढला. शेजारचे भट्टीवाले एवढे खवळले की स्मिथ कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरायचा. ती पिस्तुलं अजून जपून ठेवलेली आहेत.

पुढे ग्लेनलिव्हेट या नावाला इतका भाव आला की आसपासच्या आणि अगदी लांबच्या डिस्टिलऱ्यांनीही आपल्या नावाला ते शेपूट जोडलं. कोकणाबाहेरच्या आंब्याच्या पेटीवरही 'देवगड' छापलेलं आपण पाहतो, त्यातलाच प्रकार. स्कॉटलंडमधली सगळ्यात लांब दरी ग्लेनलिव्हेटची, अशी थट्टा व्हायला लागली. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1884 मध्ये तडजोड झाली: 'द ग्लेनलिव्हेट' म्हणायचा हक्क एकट्या स्मिथच्या घराण्याला, बाकीच्यांनी आपलं नाव आधी लावून मग जोडरेघेने ग्लेनलिव्हेट.

पण स्पेसाइडची ती सुप्रसिद्ध मऊ, फळांसारखी चव खोऱ्याच्या मातीतून आली असं मानायला मी तयार नाही. 1863 मध्ये स्ट्रॅथस्पे रेल्वे आली. गाडीने कोळसा आणि कोक आला, मग सातू वाळवायला पीट, म्हणजे दलदलीतून कापून काढलेलं सरपण, जाळायची गरज उरली नाही, धूर गेला. त्याच गाडीने भरलेली पिंपं दक्षिणेला जायला लागली, लीथ, पर्थ, ग्लासगोच्या ब्लेंडरांकडे, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून विकणाऱ्यांकडे, आणि त्यांना ग्रेन व्हिस्कीत, म्हणजे इतर धान्यांच्या हलक्या व्हिस्कीत, मिसळायला सौम्य, गोडसर माल हवा होता. गिऱ्हाईक मागेल ते गाळायचं, हा जगातला सगळ्यात जुना नियम. वर शेरी या स्पॅनिश वाइनची रिकामी पिंपं स्वस्तात मिळायची, कारण तेव्हा स्पेनहून शेरी पिंपांतूनच ब्रिटनला यायची आणि पिंपं परत पाठवणं परवडायचं नाही. मनुका, सुका मेवा, दालचिनी असं जे काही जुन्या स्पेसाइडमध्ये लागतं, त्याचं पुष्कळसं श्रेय या भंगारात निघालेल्या लाकडाला. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊन यायला लागली आणि ही पिंपं मुद्दाम बनवून घ्यावी लागली, भाव कडाडले.

आणि एका खोऱ्यात एक चव हेही खरं नाही. मॅकॅलन आणि ग्लेन ग्रांट यांच्यात काही किलोमीटरचंच अंतर. मॅकॅलनच्या भट्ट्या बुटक्या, वाफेला वर चढायला फारशी वाट नाही, त्यामुळे जड घटकही पलीकडे जातात आणि दारू भरदार, तेलकट उतरते. ग्लेन ग्रांटच्या भट्ट्या उंच, शिवाय वाटेत प्युरिफायर बसवलेले, जड वाफ थंड होऊन परत भट्टीत पडते, आणि पलीकडे येते ती हलकी, हिरव्या सफरचंदाच्या अंगाने जाणारी. मामांनी दोन्ही चाखल्या आणि विचारलं, "या दोन्ही एकाच प्रदेशातल्या?" मी हो म्हटलं. "मग प्रदेश कशाला सांगतोस, भट्टीची उंची सांग की." त्यांच्यासारख्या डिस्टिलेशन कॉलमवर आयुष्य घालवलेल्या माणसाला रिफ्लक्स, म्हणजे वाफेचं असं थंड होऊन परत पडणं, शिकवायची गरज नव्हती. ग्लासात पाण्याचे चार थेंब घाला असं मी सुचवलं, तेव्हा मात्र रागावले. "पाणी घालायला मी काय दूधवाला आहे का रे?" शेवटी घातलं. वास मोकळा झाला तेव्हा काही बोलले नाहीत, पण पुढच्या ग्लासाला पाण्याचा जग त्यांनी स्वतः ओढून घेतला.

आयला या बेटावर जायचं तर केनाक्रेगच्या धक्क्यावरून बोट. पोर्ट एलनजवळ पोचता पोचता किनाऱ्यावर पांढऱ्या भिंती दिसायला लागतात, त्यांवर समुद्राकडे तोंड करून मोठ्या काळ्या अक्षरांत नावं: लाफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग. तीनही एकाच रस्त्यावर, एकीवरून दुसरीकडे चालत जाता येतं.

इथली चव खरोखर इथल्या जमिनीतून येते, म्हणून इथे थोडं रेंगाळायला हवं. बेटावर कोळसा नाही, झाडं जेमतेम. आहे ते पीट: दलदलीत शेवाळ, गवत, हेदरची झुडपं अर्धवट कुजून हजारो वर्षं एकावर एक दबत गेलेला काळा थर, जो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. लांब पात्याच्या कुदळीने त्याच्या विटा कापतात. ओली वीट हातात घेतली तर लोण्यासारखी कापली जाते आणि बोटांना काळा चिकट रंग लागतो, तीच उन्हा-वाऱ्यात वाळली की हलकी, तंतुमय होते. हे आयलाकरांचं सरपण. घरात चूल त्याचीच आणि भट्टीवर सातू वाळवायलाही तेच.

बोमोरमध्ये अजून काही सातू जुन्या पद्धतीने जमिनीवर पसरून मोडवतात. ही डिस्टिलरी 1779 पासूनची. भिजवलेला सातू दगडी फरशीवर थर करून पसरलेला असतो, दर काही तासांनी माणसं लाकडी फावड्याने तो उलटतात, नाहीतर मोडांची मुळं एकमेकांत गुंततात आणि मधे उष्णता साठते. मामांनी एक दाणा उचलून दाताखाली धरला. मोड आलेला सातू बाहेरून ओलसर आणि आतून पिठूळ, गोडसर लागतो. मग तो वरच्या मजल्यावर जाळीवर जातो आणि खाली पीट पेटवतात. इथली गोम अशी की धूर ओल्या दाण्यालाच धरतो. म्हणून आधी मंद, ओलसर, धूर जास्त आणि आच कमी अशी आग, आणि दाणा पुरेसा धुरावल्यावर कोरडी गरम हवा. धुरातली फिनॉलं, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, दाण्याला चिकटतात आणि आंबवणं, दोनदा गाळणं, वर्षानुवर्षं मुरणं एवढं सगळं होऊनही ग्लासापर्यंत पोचतात. कमी होतात, पण जात नाहीत. आयलाच्या पीटमधली फिनॉलं मुख्य भूमीवरच्या पीटपेक्षा वेगळ्या घडणीची असतात, म्हणून या धुराला दवाखान्याचा, आयोडीनचा वास.

लाफ्रॉइगचा पहिला घोट घेऊन मामांनी ग्लास दिव्यापुढे धरला. "हे प्यायचं की जखमेवर लावायचं?"

तरी इथेही नकाशा पूर्ण खरा नाही. ब्रुइकलाडी आणि बुन्नाहावन या आयलाच्याच, दोन्ही 1881 च्या, आणि दोघींचा बराचसा माल धुराशिवायचा. त्याच ब्रुइकलाडीत ऑक्टोमोर नावाची व्हिस्की बनते, जिच्या सातूतल्या फिनॉलचं प्रमाण लाफ्रॉइगच्या दुपटीहून अधिक असतं. म्हणजे एका छपराखाली आयलाची दोन टोकं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याबद्दलही मला जरा शंका आहे. कूल ईला ही बेटावरची सगळ्यात मोठी डिस्टिलरी, पण तिची बहुतेक व्हिस्की टँकरने मुख्य भूमीवर जाऊन तिथल्या गोदामांत मुरते. आणि तरी तिच्यात लोकांना समुद्र लागतोच. बोमोर गावातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे: डिस्टिलरीतली वाया जाणारी उष्णता गावाच्या पोहण्याच्या तलावाला दिली आहे.

स्काय, ऑर्कनी, मल, जुरा, आरान या बेटांना नियमांत स्वतंत्र प्रदेश नाही, ती सगळी हायलँडच्या खात्यात. ऑर्कनीवर झाडं नसल्यासारखीच, तिथलं पीट हेदरचं, म्हणून हायलँड पार्कचा धूर फुलांकडे झुकतो. टालिस्करमध्ये मिरी लागते. लोलँडमध्ये ऑकेंटोशनला तीनदा गाळतात, आणि 1993 मध्ये बंद पडलेली रोझबँक परत सुरू झालीय, हे छान झालं. पण लोलँडने माझ्यावर कधी गारूड केलं नाही, उगाच कशाला लांबवू.

माझा जीव अडकला तो कॅम्पबेलटाऊनमध्ये. ग्लासगोहून खाडीकाठाने, किनटायरच्या लांबच लांब भूशिराच्या टोकापर्यंत गाडी चालवत जायचं. गाव लहान, शांत, थोडं थकलेलं. 1885 च्या सुमारास या एवढ्याशा गावात 21 डिस्टिलऱ्या होत्या. कोळशाची खाण जवळच, सातू सभोवती, आणि आगबोट रोज ग्लासगोला. रस्ता वाईट असला तरी काय बिघडलं, समुद्र होता. मग तेच सगळं उलटं फिरलं. रेल्वेने स्पेसाइडचा हलका माल बाजारात आणला आणि ब्लेंडरांना इथली जड, तेलकट व्हिस्की नकोशी झाली. मागणीच्या काळात काहींनी घाईघाईत वाईट माल काढून गावाचं नाव घालवलं. 1920 मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, 1923 मध्ये कोळशाची खाण बंद पडली. 1930 चं दशक अर्धं होईतो उरल्या दोन: स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया. ज्या घरांत आणि दुकानांत पूर्वी भट्ट्या होत्या त्यांच्या जुन्या खुणा गावातून फिरताना अजून सापडतात.

स्प्रिंगबँक 1828 ची, आणि 1837 पासून मिचेल घराण्याची. सातू मोडवण्यापासून बाटलीला लेबल लावण्यापर्यंत सगळं एकाच आवारात. यंत्रं इतकी जुनी की मामा प्रत्येकाभोवती दोनदा फिरले. इथली व्हिस्की अडीच वेळा गाळतात, म्हणजे काही भाग दोनदा आणि काही तीनदा असा मेळ. त्याच भट्ट्यांत धूर नसलेली हेझलबर्न तीनदा गाळून आणि भरपूर धुराची लाँगरो दोनदा गाळून. गोदामांची जमीन मातीची, छत बुटकं, भिंतींवर काळी बुरशी, कारण पिंपांतून जे उडून जातं त्यावरच ती जगते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के दारू अशी हवेत जाते. मामांनी मनातल्या मनात तोंडी हिशेब केला आणि हळहळले.

कॅम्पबेलटाऊनचं प्रदेशपद टिकण्याची गोष्ट गावात रंगवून सांगतात. दोनच डिस्टिलऱ्या उरल्या, आता कसला स्वतंत्र प्रदेश, अशी कुजबूज सुरू झाली म्हणे. तेव्हा स्प्रिंगबँकच्या मालकाने विचारलं, लोलँडमध्ये किती चालू आहेत? तीन. बरं, मग आम्हीही तिसरी काढतो. 1925 मध्ये बंद पडलेली ग्लेनगाइल त्यांनी 2004 मध्ये परत सुरू केली. नाव मात्र दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं झालेलं, म्हणून तिथली व्हिस्की किलकेरन नावाने विकली जाते. गोष्ट जशीच्या तशी खरी असो वा नसो, डिस्टिलरी खरी आहे आणि व्हिस्की उत्तम आहे.

मळीच्या स्पिरिटवर रंग आणि चव चढवून आपल्याकडे जे व्हिस्की म्हणून विकलं जातं त्याची मामांना लाज वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. ऊस आमचा, मळी आमची, असं ते म्हणतात. पण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोडवलेल्या सातूची व्हिस्की, बनते हे कळल्यावर ते खास बघायला गेले होते. सातू भारतीय, धुरासाठी पीट स्कॉटलंडहून आणलेलं, आणि हवा कोकणची. तिथे पिंपातून उडून जाण्याचं प्रमाण स्कॉटलंडच्या कितीतरी पट, आणि पाच-सहा वर्षांत व्हिस्की इतकी मुरते की स्कॉटलंडात तिला दुप्पट-तिप्पट वेळ लागेल. प्रदेशाचा चवीवर हात असतो याचा इतका धडधडीत पुरावा मला स्कॉटलंडच्या कुठल्याही दोन खोऱ्यांमध्ये मिळाला नव्हता. तिथे फरक माणसांनी केलेला दिसतो, गोव्यात मात्र उकाड्याने केलेला.

स्कॉचच्या आयातीत, बाटल्यांच्या संख्येने, 2022 मध्ये भारताने फ्रान्सला मागे टाकून पहिला नंबर गाठला, सुमारे 21 कोटी 90 लाख बाटल्यांइतकी स्कॉच. महाराष्ट्राने 2021 च्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 वर आणलं होतं. मग 24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या: आयात शुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 पर्यंत. त्या रात्रीच मामांचा फोन.

"मग, तुझी ती कॅम्पबेलटाऊनची स्वस्त होणार का?"

"नाही हो मामा. ते बनवतातच एवढंसं. दुकानदारांना मोजून बाटल्या मिळतात. स्वस्त होणार ती स्पेसाइडची मोठी नावं, आणि ब्लेंड."

"म्हणजे परत मोठ्या कारखान्यांचंच भलं," सहकारातला माणूस म्हणाला. "बरं, येताना ड्यूटी फ्रीत दोन लिटर चालतात ना? त्यातली एक माझी. धुराची नको."